तुम्ही विचारलंत म्हणून: बेलआउटला हेलिअम कशाला?

मी डाइव्ह करतो ते रिब्रीदरवर, म्हणजे सोडलेला श्वास साफ करून परत फिरवणाऱ्या यंत्रावर. ते बिघडलं तर श्वास घ्यायला सोबत नेलेला वेगळा सिलेंडर म्हणजे बेलआउट. रविवारी सेव उसळ खाताना परत तोच प्रश्न. ह्या वेळी ग्रुपमधल्या नव्या मुलाचा. "काका, बेलआउट तर वापरायची वेळच येत नाही, मग त्यात १८/४५ (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलिअम) भरून पैसे का घालवता? पन्नास मीटरच्या आत एअर, साधी हवा, चालते की." चुकीचं काही बोलला नाही तो. चार वर्षं हेच वाक्य मी लोकांना ऐकवत होतो, माझ्याकडे तर एक्सेल शीटही होती.

त्या शीटचं आधी सांगतो. लालबागच्या पूलमध्ये आरामात पोहत मोजलेला माझा हवेचा खप मिनिटाला १५ लिटर. ४५ मीटरवर दाब साडेपाच बार, म्हणजे खप ८२ लिटर. ५.७ लिटरचा छोटा सिलेंडर २०० बारला भरला की ११४० लिटर, झाली की जवळजवळ चौदा मिनिटं! आणि २१ मीटरला पन्नास टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स असणारच, तिथपर्यंत पोचायचं तेवढं. इतका खूश होतो त्या शीटवर की दोघातिघांना पाठवली पण.

मग २०१८ चा नोव्हेंबर, लाल समुद्र, दहाब. डायल्युअंट (यंत्रात ऑक्सिजनसोबत जाणारा गॅस) ट्रायमिक्स, म्हणजे हलका हेलिअम घातलेलं मिश्रण, कारण तीन लिटरच्या त्या सिलेंडरला हेलिअम लागतोच किती, आणि बेलआउट एअर. सोडालाइम (यंत्रातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना, वापरला की संपत जातो) सकाळच्या डाइव्हचाच होता, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर नंतर तुम्हीच काढाल. परतताना करंट समोरून आला आणि मी हट्टाने फिन मारत राहिलो. आधी वाटलं दम लागलाय. थांबलो, रीफचा दगड धरला, तरी दम काही खाली येईना, उलट वाढतच गेला. हँडसेटवर पीओटू (ऑक्सिजनचा दाब) १.३, सगळं हिरवं. कार्बन डायऑक्साइड दाखवणारं त्यावर काहीच नव्हतं.

आता करायचं काय ते शंभरदा केलेलं. लिव्हर फिरवून लूप (यंत्रातलं श्वासाचं चक्र) बंद, माउथपीस बाहेर, गळ्यात रबरी दोरीवर लटकलेला रेग्युलेटर तोंडात. तीन सेकंदांचं काम. पण त्या तीन सेकंदांत श्वास थांबवावा लागतो आणि तेवढंच जमत नव्हतं. हात लिव्हरवर, डोकं म्हणतंय फिरव, आणि छाती म्हणतेय आधी एक श्वास, फक्त एक. दोनदा फिरवला आणि दोनदा मीच परत उघडला. तिसऱ्यांदा डोळे घट्ट मिटून केला.

वाटलं सुटलो. कसलं काय. ४५ मीटरवर एअरची घनता लिटरला सात ग्रॅमच्या वर जाते. अँथनी आणि मिचेल या संशोधकांचे गॅसच्या घनतेचे २०१६ चे आकडे तुम्हाला पाठ आहेत, लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत ठीक, ६.२ च्या वर नकोच. मलाही पाठ होते, फक्त ते मी लूपसाठी वापरायचो, बेलआउटसाठी नाही, का कोण जाणे. ती एअर ओढावी लागत होती, आणि जितका जोर लावाल तितका कार्बन डायऑक्साइड अंगातच तयार होतो, बाहेर टाकायला मात्र पुरेसा श्वास होत नाही. वर नार्कोसिस, खोलवर नायट्रोजनने येणारी गुंगी. गेज बघितला तर दोन मिनिटांत २०० चे ११० झालेले. नंतर हिशोब केला, मिनिटाला जवळपास ४६ लिटर. पूलमधले १५ कुठे आणि हे कुठे.

बडीने (सोबतचा डायव्हर, आपला बडोद्याचाच, रावपुऱ्यात दुकान आहे) मला हार्नेसला धरून वर आणलं आणि तीस मीटरच्या आसपास स्वतःचा ट्रायमिक्स दिला. दोनेक मिनिटांत श्वास आवाक्यात आला. संध्याकाळभर डोकं ठणकत होतं, ते वेगळं.

बडी म्हणतो माझ्या गॅसने वाचलास. पण तिसावर एअरसुद्धा ५.२ च्या आतच येते, म्हणजे मी हलक्या गॅसने सावरलो की नुसतं वर आल्याने, हे मला आजही माहीत नाही. आणि हो, सोडालाइम बदलला असता तर यातलं काहीच झालं नसतं, हे मला पुन्हा पुन्हा सांगू नका. मान्य. पण ज्या दिवशी सोडालाइम बदलायचा आळस केलेला असतो त्याच दिवशी बेलआउट लागतो ना?

तर आता ११ लिटरचा सिलेंडर, १८/४५, शीटमध्ये १५ च्या जागी ४५, आणि माउथपीसलाच बेलआउट व्हॉल्व्ह, म्हणजे तोंडातून काही काढायलाच नको. जुना मी असता तर म्हणाला असता, अरे, दोन मोठे सिलेंडर लटकवून करंटमध्ये पोहशील तर दम त्यांच्यामुळेच लागेल. त्याला उत्तर नाही माझ्याकडे. लागतोच दम. बडी म्हणतो मग दोघांत मिळून एक वाटून घेऊ, आणि मला तो दगड धरलेला हात आठवतो, त्या वेळी बडी दहा मीटर पुढे होता.

फेब्रुवारीच्या ट्रिपसाठी हेलिअमचा भाव परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. बायकोने बघितला, काही बोलली नाही. मीही अजून हो कळवलेलं नाही.