तुम्ही विचारलंत म्हणून : वाचायला झॉम्बीच मिळाले का?

प्रश्न साधारण असा असतो : "एवढं गंभीर वाचणाऱ्या तुम्ही, आणि शिफारस करता ती झॉम्बीच्या कादंबरीची? तीही शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी लिहिलेल्या?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी गंमत असते आणि थोडी माझ्याबद्दलची काळजी. कादंबरी म्हणजे जस्टिना आयर्लंड यांची 'ड्रेड नेशन', २०१८ सालची. मी ती ज्याला त्याला वाचायला सांगत सुटते हे खरं आहे. तेव्हा एकदा नीट उत्तर देऊन टाकते.

झॉम्बी, म्हणजे उठून चालू लागलेलं प्रेत, हे भूत म्हणून मला आजही कंटाळवाणं वाटतं. आपल्या गोष्टींतल्या मुंजाला, हडळीला काहीतरी हवं असतं. कुणावर डूख असतो, कशात तरी जीव अडकलेला असतो. झॉम्बीला फक्त भूक. त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला समजावता येत नाही, फसवताही येत नाही. म्हणून अशा बहुतेक कादंबऱ्या लवकर दमतात : पळा, लपा, कुणीतरी चावलं जाईल, पुन्हा पळा. त्यातून कादंबरी तरुण वाचकांसाठी असली की एक मुलगी, तिच्यामागे दोन मुलगे, आणि जग बुडायला आलं तरी हिचं काही ठरत नाही.

'ड्रेड नेशन' या वाटेनं जातच नाही. १८६३ च्या जुलैत, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या लढाईत पडलेले सैनिक उठतात आणि जिवंतांना खायला लागतात, अशी सुरुवात. खरी लढाई तीन दिवस चालली होती आणि दोन्ही बाजूंचे मृत, जखमी, बेपत्ता मिळून आकडा पन्नास हजारांच्या आसपास जातो. प्रेतं उठवायची तर बाईंनी रणांगण नेमकं निवडलंय. यादवी युद्ध तिथेच विरतं, कारण उत्तर आणि दक्षिण दोघांनाही आता एकच शत्रू. गुलामगिरी कागदावर संपते. आणि मग एक कायदा येतो : कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी मुलांना सक्तीनं शाळेत घालायचं आणि तिथे त्यांना मेलेल्यांशी लढायला शिकवायचं. गोरे कुंपणाच्या आत, ही पोरं बाहेर.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. कारण आता झॉम्बी काय करणार हा प्रश्नच उरत नाही, ते चावणार. प्रश्न उरतो तो पुढे कुणाला उभं करायचं हा, आणि तो जिवंत माणसं ठरवतात.

नायिका जेन मॅकीन बाल्टिमोरच्या एका मुलींच्या शाळेत शिकते. अभ्यासक्रमात बंदूक, धारदार विळे आणि शिष्टाचार. पुढे एखाद्या श्रीमंत गोऱ्या बाईच्या दिमतीला राहायचं, तिचं रक्षण करायचं, आणि ते करताना तिच्या चारचौघांत शोभायचंही. प्रेताचं मुंडकं उडवता आलं पाहिजे आणि बैठकीत मान खाली घालून उभंही राहता आलं पाहिजे. हा विनोद आहे, पण वाचताना हसू मधेच अडकतं.

यातलं किती कपोलकल्पित, असं पुढे विचारतात. प्रेतं तेवढी. बाकीचं शोधायला फार लांब जावं लागत नाही. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात, म्हणजे गेटिसबर्ग ज्या राज्यात आहे तिथेच, कार्लाइल इथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. मुलांचे केस कापले, नावं बदलली, मातृभाषेत बोलायला बंदी केली. सरकारी पैशानं, 'सुधारणा' म्हणून. आणि १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी बंद झाली ती गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवून. त्या फटीतून दक्षिणेत कैद्यांना खाणींवर आणि मळ्यांवर भाड्यानं देण्याचा धंदा उभा राहिला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटले म्हणून. अर्पणपत्रिका लिहिली जात होती त्याच काळात तिकडे ती मुक्ती कशी कुरतडली जात होती, हे 'ड्रेड नेशन' वाचताना सारखं माझ्या मनात येत होतं.

एक प्रसंग तर मी सगळ्यांना सांगते, पुस्तक वाचणार नसाल तरी ऐका. एक प्राध्यापक भर व्याख्यानात झॉम्बी होण्याच्या रोगावरची लस दाखवायला उभा राहतो. त्याचा सिद्धांत असा की कृष्णवर्णीयांच्या अंगात या रोगाला मुळातच जास्त प्रतिकारशक्ती असते. पुरावा म्हणून तो एका कृष्णवर्णीय माणसाला सगळ्यांसमोर झॉम्बीला चावू देतो. पुढचं सांगत नाही, पण तुम्हाला कळलंच असेल. हा प्राध्यापक अतिशयोक्त वाटला तर १७९३ च्या फिलाडेल्फियात जा. पिवळ्या तापाची साथ आलेली, धनवान शहर सोडून निघालेले. बेंजामिन रश म्हणजे नामांकित डॉक्टर, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्यांनी त्यांनाच रोग्यांच्या शुश्रूषेला बोलावलं. ते आले, आणि तेही इतरांसारखेच तापानं मेले. रश वाईट माणूस नव्हता, गुलामगिरीचा विरोधक होता. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

आणि झॉम्बी तरी मूळचा कुठला? हैतीचा. फ्रेंच मळेवाल्यांच्या उसात राबून मेलेल्या गुलामांच्या भूमीतला. तिथल्या गोष्टींतला झॉम्बी कुणाला चावत नाही. तो मेल्यावरही मालकासाठी राबतो. मरणानंतरही सुटका नाही, ही ती भीती. १९१५ ते १९३४ हैती अमेरिकन फौजेच्या ताब्यात होतं, त्या काळात या गोष्टी अमेरिकेत पोचल्या आणि १९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी' चित्रपटात साखर कारखान्यात राबणारी प्रेतं दिसली. माणसं खाणारा झॉम्बी आला तो १९६८ मध्ये, जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधून. त्या चित्रपटाचा नायक कृष्णवर्णीय होता. तो रात्रभर प्रेतांपासून वाचतो आणि सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्यांच्या गोळीनं मरतो. म्हणजे आयर्लंडबाईंनी भलतं काही घुसडलेलं नाही. उसातला तो मजूर मधे हरवला होता, त्याला त्यांनी परत आणलं.

हे सगळं ऐकून पुस्तक जड असेल असं वाटतं, तर ते मुळीच तसं नाही. जेन खोटारडी आहे, तोंडाळ आहे आणि भयंकर करमणूक करते. आईला लिहिलेल्या पत्रांत ती सगळं कसं छान चाललंय ते सांगते आणि लगेच खालच्या प्रकरणात काय चाललंय ते आपण वाचतो. दोन मुलग्यांची भानगडही फार डोकं वर काढत नाही, कारण कादंबरीचा जीव दुसऱ्याच एका नात्यात आहे. कॅथरीन ही शाळेतली देखणी, नीटनेटकी, गोरी म्हणून खपेल अशी मुलगी. जेनच्या डोक्यात जाते. दोघींना कॅन्ससमधल्या एका 'आदर्श' गावात पाठवतात, तिथे कॅथरीनला गोरी म्हणून वावरावं लागतं, आणि त्या सोंगाची किंमत काय हे जेनला हळूहळू कळतं. ही मैत्री मारामाऱ्यांपेक्षा जास्त धरून ठेवते.

आता पुस्तकातली खोटही सांगते. कॅन्ससमध्ये गेल्यावर खलनायक फारच सरळसोट होतात. शेरीफ दिसला की त्याचा शेवट काय ते कळतं. शेवटची प्रकरणं घाईची आहेत आणि पुढच्या भागासाठी धागे मोकळे सोडल्याचं जाणवतं. मला तो प्राध्यापक जास्त वेळ हवा होता.

पुढचा भाग, 'डेथलेस डिव्हाइड', २०२० मध्ये आला. त्यात जेन आणि कॅथरीन आलटून पालटून बोलतात, आणि मला तिथे कॅथरीन जास्त आवडली, पण यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. घरातल्या मुलांना देऊ का, असंही विचारतात. तेरा-चौदाच्या पुढे बेलाशक द्या. रक्त भरपूर आहे, पण पोरं त्याला घाबरत नाहीत. ती अडखळतात त्या व्याख्यानापाशी आणि 'असं खरंच झालं होतं का' विचारायला येतात. त्यांना १७९३ सांगा.