डिस्चार्ज मिळालाच नव्हता

बेळगावात मी अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे लिहून देण्याचे काम करतो. खानापूर तालुक्यातील एक आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या, त्या पेन्शनच्या आशेवर पाणी सोडूनच. त्यांचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झाले होते. ते वारल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाची चौकशी केली, तेव्हा एका कचेरीत ‘मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन अदा करण्याचा आदेश) आणि डिस्चार्ज घेऊन या’ एवढेच सांगून त्यांना परत पाठवण्यात आले होते.

“डिस्चार्ज कुठला मिळायचा ओ? मालक दवाखान्यातच गेले की,” आजी म्हणाल्या. नातू त्यासाठी दवाखान्यातही जाऊन आला होता. दगावलेल्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड निघत नाही, हे तेथील उत्तर अगदी बरोबर होते. त्यामुळे माणूस घरी परतला नाही म्हणून पेन्शनही नाही, असेच या घराने धरून चालले होते.

हा शब्द आपल्याकडे किती ठिकाणी वावरतो! कोयनेचा डिस्चार्ज वाढला की चिकोडी-अथणीकडचे नदीकाठचे लोक सावध होतात. कोर्टात आरोपनिश्चितीपूर्वीच आरोपीला दोषमुक्त केले, तर तोही डिस्चार्ज, आणि खटला चालून होणाऱ्या निर्दोष सुटकेहून तो वेगळा. कचेरीला हवे होते ते मात्र लष्कराचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेतून मोकळे होताना जवानाला मिळणारे नोंदींचे पुस्तक. १९२२ पासून रेजिमेंटचे केंद्र असलेल्या या शहरात त्या कारकुनाला ‘लष्कराचे’ एवढा एकच शब्द जोडता आला असता, आणि तो न जोडल्याचा मला आजही राग येतो, कारण सातव्या वेतन आयोगानंतर किमान ९,००० रुपये असलेल्या या रकमेवरच अशा घरांची चूल पेटते.

“आजोबांच्या ट्रंकेत शिक्क्यांचे एखादे जुने पुस्तक आहे का?” मी विचारले. नातू दुसऱ्या दिवशी ते घेऊन आला. कडा झिजलेल्या त्या पुस्तकात सेवाक्रमांक, भरतीची व निवृत्तीची तारीख, वर्तणुकीचा शेरा आणि पत्नीचे नाव, सारे शाबूत होते. मात्र नाव माहेरचे होते, तर आधारवर सासरचे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र मी लगेच लिहिले आणि कागदांच्या यादीत ‘लष्करी सेवेचे डिस्चार्ज बुक’ असे पूर्ण नाव घालून अर्ज त्याच कचेरीत दाखल करायला नातवाबरोबर स्वतः गेलो. या वेळी तो स्वीकारला गेला आणि पोच मिळाली.