भुतं बघायला कशाला जातासा?

प्रवासाहून परत आले की रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या बायका आधी हेच विचारतात. “सिस्टर, ह्या खेपेला कुठली भुतं बघून आलासा?” आणि मग जरा आवाज उतरवून, “तुमचा सगळा जन्म दवाखान्यात गेला. तुम्ही कशाला जातासा असल्या जागी?” इतकी वर्षं मी “आवड आहे” म्हणून वेळ मारून नेली. परवा एकीनं फारच खोदून विचारलं, म्हणून नीट सांगते.

भूत मला कधी दिसलं नाही. एडिंबऱ्यात नाही, राजस्थानातल्या भानगढला नाही, शनिवारवाड्यात नाही आणि प्रसूती वॉर्डातल्या तीस वर्षांच्या नाइट ड्यूटीतही नाही. मी जाते ती तिथं कोण मेलं आणि कसं मेलं ते ऐकायला. ही ओढ मला आमच्या गावच्या विहिरीनं लावली.

भोगावतीकाठी आमचं गाव. मळ्यातल्या जुन्या विहिरीवर हडळ आहे, हे आम्हा पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं. तिन्हीसांजेला तिकडं फिरकायचं नाही, केस मोकळे सोडून जायचं नाही, मागनं हाक आली तर वळायचं नाही. ऊसतोडीला आलेल्या बायकासुद्धा तिथलं पाणी शेंदत नसत. आजी त्या वाटेनं जाताना पदर घट्ट ओढून घ्यायची आणि काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं, देवाचं नाव घेते.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत आजीजवळ बसून अभ्यास करत होते. बाळंतपणातल्या रक्तस्रावाचा धडा होता. आजी म्हणाली, “काय वाचतीस एवढं?” मी तिला समजेल असं सांगितलं. मूल झालं, पण वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा नाळेचा गोळा, पडली नाही किंवा गर्भाची पिशवी आवळली नाही, तर रक्त थांबत नाही. अर्ध्या लिटरच्या वर गेलं की सावध व्हायचं. पोटावरनं पिशवी चोळायची, इंजेक्शन द्यायचं, वार काढायची, आणि हे सगळं हातघाईनं. नाहीतर बघता बघता बाई हातची जाते. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे आमच्या जाऊबाईला हेच झालं.”

विहिरीवरची हडळ ही माझी थोरली चुलत आजी होती.

दुसरं बाळंतपण, आषाढातला पाऊस, नदीला पाणी आलेलं. मूल झालं, वार अडकली. सुईणीनं तिला येत होतं ते सगळं केलं. गोधडी भिजली, खालचं पोतं भिजलं, आणि पहाटे ती गेली. बाळंतीण मेली की तिची अलवंतीण होते, ती घरावर फिरते, ही समजूत. म्हणून तिला नेताना मागं राळे टाकत गेले. परत यायचं झालं तर दाणा न् दाणा वेचत यावं लागेल, आणि तोवर उजाडेल. उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकला. उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत राळे आजीनं टाकले, पुढं पुरुषांनी. “माझ्या हातानं टाकलं गं,” आजी म्हणाली आणि तळहात उघडून बघत बसली. चुलत आजी पाणी त्या विहिरीवरनं आणायची, एवढाच तिचा विहिरीशी संबंध. जाताना आजी पुटपुटायची ते तिचं नाव होतं.

गावानं तिचे मोकळे केस सांगितले, उलटे पाय सांगितले. वार अडकली होती, हे मला वीस वर्षांची होईपर्यंत कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून कुठंही भुताची जागा म्हटलं की माझ्या तोंडात पहिला प्रश्न येतो, कशानं मेली?

लेक स्कॉटलंडला शिकायला होती तेव्हा तिच्याकडं महिनाभर राहिले. एडिंबरा ह्या बाबतीत फार पुढं. संध्याकाळी जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावर काळे झगे घातलेले वाटाडे गिऱ्हाईक गोळा करत उभे असतात. आम्ही मात्र दिवसा मेरी किंग्ज क्लोजला गेलो. क्लोज म्हणजे आपल्याकडचा अरुंद बोळ. १७५३ साली त्याच्यावरच मोठी इमारत बांधायला घेतली. वरची घरं पाडली, खालची तशीच तिच्या पोटात राहिली. आता तिकीट काढून जिने उतरून आत जायचं. वाटाड्या सतराव्या शतकातले कपडे घालून, त्याच काळातला माणूस होऊन बोलतो.

१६४५ साली तिथं प्लेग आला. आजाऱ्यांना बोळात कोंडून दोन्हीकडनं भिंती घातल्या आणि मरायला सोडलं, अशी गोष्ट जगभर फिरते. पण वाटाड्यानं सांगितलं की तसं झालेलं नाही. आजारी घरांना अन्न आणि कोळसा पोचवला जात होता, वैद्य येत होता. जॉर्ज रे त्याचं नाव. अंगभर चामड्याचा झगा, तोंडावर चोचीसारखा मुखवटा. तो प्लेगच्या गाठी फोडायचा आणि तापल्या लोखंडानं डागायचा. आधीचा वैद्य प्लेगनंच गेला होता. हे ऐकताना मला २०२० आठवलं. पीपीई किटमध्ये घामानं भिजून आम्ही बाळंतपणं केली, आणि मुखवट्याआड कोण आहे हे बाळंतिणीला कळावं म्हणून छातीवर मोठ्या अक्षरांत नावं लिहून घेतली. चोचवाल्या माणसाला त्या आजाऱ्यांनी काय हाक मारली असेल?

तिथल्या एका खोलीत बाहुल्या आहेत. १९९२ साली एक जपानी बाई तिथं आली. ती म्हणाली, इथं एक लहान मुलगी बाहुली हरवली म्हणून रडते आहे. तिच्यासाठी एक बाहुली आणून ठेवली. मग येणारे लोक ठेवतच गेले. खेळणी, नाणी, कापडी अस्वलं. मुलगी खरी होती की नव्हती, ह्यावर मी वाद घालणार नाही. सतराव्या शतकात प्लेगात गेलेल्या मुलांपैकी एकीला निदान हाक मारायला नाव मिळालं, ॲनी. माझ्या पर्सच्या चेनला लेकीनं लटकवलेला कापडी हत्ती होता. तो सोडवून तिथं ठेवला. लेक काही बोलली नाही, तिनं फक्त माझी पर्स धरली.

अशा टूरला जायचं तर वाटाड्या बघून जावं, एवढं मी सगळ्यांना सांगते. अंधारात भ्यॉक करून किंचाळणारा नको. तो पैसे घेऊन दचकवतो आणि ज्याचं दुःख त्याला पायाखाली घालतो. सनावळी सांगणारा, दंतकथा कुठं सुरू होते ते खुलेपणानं सांगणारा हवा.

शनिवारवाड्यात मला हे फार लागलं. नारायण दरवाज्याजवळ शाळेची सहल आली होती. पोरं “काका, मला वाचवा” ओरडत एकमेकांच्या मागं पळत होती. रात्री ही हाक ऐकू येते, असं पुण्यात कुणीही सांगेल. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. अठरा वर्षांचे होते ते. मी त्या पोरांतल्या उंच मुलाला थांबवून वय विचारलं. “पंधरा.” म्हटलं, “ओरडत होता तो तुझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा होता, बाळा.” मुलगा दरवाज्याकडं बघत राहिला. त्यांचे शिक्षक माझ्यावर रागावले असतील, पण मला राहवलं नाही.

भानगढचं मात्र फार कौतुक करू नका. सूर्यास्तानंतर प्रवेशबंदीचा पुरातत्त्व खात्याचा फलक दाखवून तिथं भुतं सिद्ध करतात. त्या खात्याच्या कितीतरी जागा सूर्योदयाला उघडतात नि सूर्यास्ताला बंद होतात. दिवसा बघा, देवळं सुरेख आहेत.

दिल्लीला गेलात तर फिरोजशाह कोटला हा जुना पडका किल्ला चुकवू नका, आणि गुरुवारी जा. तिथं जिन्न राहतात अशी श्रद्धा आहे. जिन्न म्हणजे मेलेली माणसं नव्हेत, ती वेगळी जात. पण माणसं त्यांच्याकडं जातात ती सरकारी कचेरीत जावं तशी. अर्ज लिहून, नाव-पत्ता घालून, फोटो लावून. शिवाय झेरॉक्स काढून प्रत्येक कोनाड्यात एकेक प्रत. मी गेले तेव्हा एक म्हातारा एका हातानं मेणबत्ती लावत होता, दुसऱ्या हातात सहा-सात प्रतींची चळत, वर पोराचा पासपोर्ट साइजचा फोटो. अर्ज मी वाचला नाही, दुसऱ्याचं गाऱ्हाणं आपण वाचू नये. पण मेणबत्तीचं मेण फोटोवर सांडू नये म्हणून त्याची जी धडपड चालली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे.

आता आमच्या शेजारच्या पोराचा आग्रह सुरू आहे, काकू, आपण पन्हाळ्यावर रात्रीची भूत टूर काढू. अंधारबाव आहे, तट आहेत, धुकं आहे, अजून काय पाहिजे? रात्री गडावर जायला माझा विरोध आहे. त्या बाजूला गवे फिरतात, तट निसरडे असतात. त्याला म्हटलं, दिवसा चल, दोन जागा दाखवते.

एक शिवा काशीदांची. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यात ते महाराजांचं रूप घेऊन पालखीत बसले आणि मारले गेले. मरण इतकं क्रूर, पण ते रात्री गडावर फिरतात असं पंचक्रोशीत कुणी म्हणत नाही. त्यांची समाधी आहे, पुतळा आहे, माणसं चपला काढून फूल वाहतात.

दुसरी जागा दाखवण्यासारखी नाहीच. तट उभा राहीना म्हणून एका तेलिणीला जिवंत पुरलं, ही गोष्ट मी आजीकडून ऐकलेली. ती मात्र फिरते म्हणे. तिच्यासाठी आमच्या घरात कुणी कधी फूल बाजूला काढलेलं मी पाहिलं नाही. पोरगा विचारात पडला. म्हणाला, “काकू, मग टूर कसली काढायची?” मी म्हटलं, “फूल घेऊन ये, मग बघू.”

आमच्या घरात भाद्रपदातल्या अविधवा नवमीला अहेवपणी गेलेल्या बायकांसाठी सवाष्ण जेवू घालतात. चुलत आजीचं पान कधी वाढलं गेलं नाही. हडळीला बोलावणं कोण धाडणार! आजी गेल्यावर तिचं नाव माहीत असलेली मी एकटीच उरले. नाव इथं लिहीत नाही, ते घरात घ्यायचं आहे.

गेल्या नवमीला गावी जाऊन चुलत भावाला म्हटलं, एक पान जास्त वाढ. त्यानं विचारलं, कुणाचं? मी नाव सांगितलं, नातं सांगितलं, वार अडकली होती ते सांगितलं. तो पन्नाशीचा माणूस, मळ्यात रात्री मोटर चालू करायला जाताना अजून मोठ्यानं गाणं म्हणत जातो. ऐकून घेतलं, उठला आणि कळशी घेऊन बाहेर गेला. अर्ध्या तासानं आला. पानापाशी तांब्या ठेवत म्हणाला, “तिच्याच विहिरीचं आणलंय.”