तुम्ही विचारलंत म्हणून: घरची कापणी सोडून तिकडे कशाला?

इटलीहून परत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय बघितलंत?" माझं उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. पिसाचा मनोरा बघितला नाही. रोममध्ये फक्त गाडी बदलली. व्हेनिस बघितलं, पण टीव्हीवर. 12 नोव्हेंबर 2019 च्या रात्री तिथं समुद्राचं पाणी 187 सेंटीमीटरपर्यंत चढलं, तेव्हा आम्ही सगळे लाकडाच्या शेगडीपाशी बसून ते बघत होतो. बाकी सात आठवडे मी उंब्रियात, त्रेवी नावाच्या डोंगरावरच्या गावाखाली, एका कुटुंबाबरोबर ऑलिव्ह उतरवत होते.

पण मला खरा छळणारा प्रश्न हा नाही. तो आत्याचा आहे, आणि आता चुलत भावंडं, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी, सोसायटीतले लोक, सगळेच तो विचारतात. आत्याच्या शब्दांत तो असा: "घरच्या भातकापणीला उभ्या जन्मात कधी आली नाहीस, आणि परक्यांकडे फुकट राबायला विमानाचं तिकीट काढून गेलीस?"

त्यात "घरच्या" हा शब्द ती असा काही उच्चारते की हातातला कप खाली ठेवावासा वाटतो.

जाणं कसं झालं ते आधी सांगते. त्या घरातली मुलगी पुण्यात अय्यंगार योग संस्थेत शिकायला यायची. दोन वेळा आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिली. आमच्या घरात तिचं नाव "योगवाली". मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर ती म्हणाली, ऑक्टोबरमध्ये ये, आमच्याकडे सुगी असते. मी व्हिसा काढला आणि गेले. पाहुणी म्हणून गेले, पण तिथं सुगीत पाहुण्यालाही कामातून सुटका नसते, हे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी नोन्ना, म्हणजे योगवालीची आजी, वय 83, अंगणातून माझ्याकडे बघून ओरडली, "ले रेती! ले रेती!" मी मनात म्हटलं, एवढ्या सकाळी रेती कशाला, बांधकाम काढलंय की काय? इटालियनमध्ये रेती म्हणजे जाळी. झाडाखाली अंथरायच्या त्या हिरव्या जाळ्यांच्या गुंडाळ्या उतारावर वाहून न्यायच्या होत्या. पुढचे सात आठवडे मी रेतीच वाहिली म्हणा.

असिसीपासून स्पोलेतोपर्यंत डोंगराच्या पायथ्याने ऑलिव्हचा सलग पट्टा जातो. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने त्याला कृषीवारसा म्हणून मान्यता दिली. दगडी बांध घालून पाडलेल्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर एक किंवा दोन ओळी झाडं. ट्रॅक्टर शिरत नाही. इथली मुख्य जात मोराइओलो. फळ लहान, गोल, आणि देठाला घट्ट धरून बसणारं. झाड हलवलं की पडेल, अशी आशा ठेवू नये. प्लॅस्टिकच्या छोट्या दाताळ्याने फांदी विंचरायची, अगदी केस विंचरावेत तशी, आणि फळं टपटप जाळीवर पडतात. योगवालीच्या भावाकडे लांब दांड्याचं, बॅटरीवर थरथरणारं यंत्र होतं. तो माझ्या तिप्पट काम करायचा. मी पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन क्रेट भरायची, एका क्रेटमध्ये वीस किलो. नोन्ना उपड्या क्रेटवर बसून पानं आणि काटक्या निवडायची आणि माझ्या क्रेटमधल्या पानांचं प्रमाण मोठ्याने जाहीर करायची.

झाडं बघितलीत तर बहुतेकांना एक बुंधा नाही, तीन-चार आहेत. मी सहज विचारलं तर जेवायच्या वेळेपर्यंत उत्तर चाललं. फेब्रुवारी 1956 आणि जानेवारी 1985 या दोन कडाक्यांत मध्य इटलीतली झाडं गोठून गेली. माणसांनी ती जमिनीलगत कापली, आणि मुळातून फुटवे आले ते वाढू दिले. नोन्ना 1956 ला वीस वर्षांची होती. त्या वर्षीची गोष्ट सांगताना ती हाताने करवत चालवून दाखवते. जवळच बोवारा इथं संत एमिलियानोचं म्हणून ओळखलं जाणारं एक झाड आहे. लोक त्याचं वय सतराशे वर्षं सांगतात. मला तिथं नेलं तेव्हा नोन्ना गाडीतून उतरली नाही. म्हणाली, त्याची तोडणी मला करायची नाही ना, मग काय बघू.

घाण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण पुण्यात हल्ली "लाकडी घाण्याचं" म्हटलं की लोक दुप्पट पैसे मोजतात. तिथला घाणा बघून ते निराश होतील. दगडी चाकं बाहेर शोभेला ठेवलेली, आत सगळं बंद स्टीलचं यंत्र. फळं धुतात, पानं उडवतात, बियांसकट चिरडतात, मग तो लगदा अर्धा-पाऊण तास सावकाश मळतात आणि फिरत्या पिंपात तेल वेगळं काढतात. मळताना तापमान 27 अंशांच्या आत राहिलं तरच बाटलीवर "थंड प्रक्रियेने काढलेलं" असं छापता येतं. जास्त ऊब दिली तर तेल जास्त निघतं, पण वास जातो. मला विचाराल तर दगडापेक्षा हे बरं, लगद्याला हवा कमी लागते. फळ तोडल्यावर एक-दोन दिवसांत घाण्यावर गेलं पाहिजे, पोत्यात भरलं तर आंबतं, म्हणून जाळीचे क्रेट. सुगीत घाणा रात्रभर चालतो. आमचा नंबर एकदा रात्री दीडला आला.

आणि तिथं मला घरच्यासारखं वाटलं ते त्या रात्री. बाकांवर म्हातारे बसलेले, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, "रेसा". अमक्याची रेसा किती, तमक्याची किती. मी योगवालीला विचारलं, तिने समजावलं, शंभर किलो फळांतून किती किलो तेल निघालं ते, आणि मी म्हटलं, अगं, हा तर उतारा! साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आपली माणसं ज्या सुरात उताऱ्याबद्दल बोलतात, अगदी तोच सूर, शेजाऱ्याचा आकडा ऐकून तोच संशय. मापही क्विंटलच. आमची चार क्विंटल फळं होती, उतारा साडेतेरा, तेल 54 किलो. नोन्नाने आकडा ऐकून ओठ मुडपले, पण शेजारच्याचा तेरा होता हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला.

ते तेल घाण्यातल्याच शेकोटीवर भाजलेल्या पावावर ओततात. पाव अळणी, उंब्रियात पावात मीठ घालत नाहीत. वर लसूण घासायची, मीठ भुरभुरायचं. तेल हिरवंगार, आणि पहिल्याच घासाला मला ठसका लागला. "पित्सिका!" असं म्हणून सगळे खूश. चिमटा काढतं, म्हणजे तेल ताजं. घशाला लागणारा तो पदार्थ जुन्या तेलात कमी कमी होत जातो.

खाण्याचे हाल झाले का, हेही लोक विचारतात. नाही झाले. मसूर, हरभरे, आणि तव्यावर भाजलेली जाड भाकरीसारखी तोर्ता. पुढे चला.

27 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. त्याच पहाटे तिकडे घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे पाचलाच अंधार. मी एका वाटीत नव्या तेलाचा दिवा लावून खिडकीत ठेवला. नोन्नाने विचारलं, कोणाच्या आत्म्यासाठी? तिकडे 2 नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. योगवालीने सांगितलं, आत्म्यासाठी नाही, ही पैशाची देवी. नोन्ना म्हणाली, मग दोन लावा.

त्याच आठवड्यात क्यार चक्रीवादळाचा पाऊस कोकणावर पडत होता. चुलतभावाने व्हिडिओ पाठवला. कापून पसरलेलं भात पाण्यात लोळत होतं, काही लोंब्यांना कोंब आलेले. नोन्नाने माझ्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं. भाषेची गरजच पडली नाही. "वोस्त्रो?" तुमचं? मी मान हलवली. मग तिने योगवालीकरवी विचारलं, मग ही इथं काय करतेय?

म्हणजे आत्याचा प्रश्न पहिल्यांदा मला आत्याने विचारलेलाच नाही.

मी खरं तेच सांगितलं. आमच्या घरातलं कोणी शेतात उतरत नसे. आजोबा छत्री घेऊन बांधावर उभे राहत, कसणारी माणसं वेगळी. कूळकायद्यात बरीचशी जमीन त्यांच्याकडे गेली, ते बरंच झालं. आमच्याकडे दोन एकर उरली. पण सवय गेली नाही. मी गावी गेले की बांधावर खुर्ची येते, मागोमाग चहा. विळा कोणी देत नाही, आणि खोटं कशाला बोलू, मी कधी मागितलाही नाही.

योगवाली हे नोन्नाला सांगताना मध्येच अडखळली. का, ते मला मग कळलं. नोन्नाचा बाप मेत्झाद्रो, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा, होता. पिकाचा निम्मा वाटा मालकाला, वर सणाला कोंबडे आणि अंडी मोजून. नवे असे करार करायला इटलीत 1964 च्या कायद्याने बंदी आली. ज्या उतारावर आम्ही राबत होतो तो तिच्या नवऱ्याने पुढे हप्त्याहप्त्याने विकत घेतलेला.

नोन्ना चिडली नाही. तिने फक्त हिशेब विचारला: तुझा आजोबा किती घ्यायचा? मला माहीत नव्हतं. भावाला मेसेज केला, त्यालाही माहीत नव्हतं. त्याने आत्याला विचारून उत्तर पाठवलं, एकच शब्द: "अर्धेल."

अर्धं, मी हाताने दाखवलं. "उग्वाले," नोन्ना म्हणाली. तेच. आणि पानं निवडायला लागली. दुसऱ्या दिवशी माझ्या क्रेटमधली पानं तिने आणखी मोठ्याने मोजली.

तर आत्ये, उत्तर हे आहे. तिथं मी कोणाची नात नव्हते, म्हणून माझ्या हातात दाताळं आलं. घरी मला खुर्ची मिळते. परक्या ठिकाणी राबणं सोपं असतं, त्यात शौर्य काही नाही.

2021 च्या ऑक्टोबरात गावी गेले. खुर्ची आली. मी विळा मागितला. कापणीला आलेल्या बायका खूप हसल्या. एकीने मूठ कशी धरायची ते दाखवलं, तिला माझ्यापायी तासभर उशीर झाला. दुपारपर्यंत अंगठा कापला आणि मी परत खुर्चीत बसले.

इटलीहून येताना आत्याला तीन लिटरचा डबा आणला होता. तिने गरम भाकरीवर चमचाभर घेऊन चाखलं, ठसका लागला, म्हणाली, "खवट आहे गं, फसवलं तुला." मी पित्सिका वगैरे समजावून बघितलं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा डबा माजघराच्या दाराशी होता, शेजारी चिंधी. ते तेल ती बिजागऱ्यांना घालते. दार आता करकरत नाही, एवढं ती कबूल करते.