डॉग फूड, बॅच नंबर आणि आमचा गुंड्या

सोलापुरात डॉग फूड दोन प्रकारे मिळतं, पॅकबंद आणि सुट्टं. सुट्टं म्हणजे दुकानदार मोठं पोतं फोडून ठेवतो आणि डाळ-तांदळासारखं मापानं कॅरीबॅगमध्ये घालून देतो. स्वस्त पडतं म्हणून लई जण घेतात, त्यात काही नवीन नाही. पण ह्या दोन्हीतला खरा फरक काय आहे हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं आणि तोही किमतीतला नव्हता.

आमचा गुंड्या लॅब्रा क्रॉस आहे, खायला एक नंबर, वाटी चाटून पुसून परत आपल्या तोंडाकडं बघत बसणारा. नवीन पोतं फोडल्यावर हळूहळू त्याचं खाणं कमी झालं, मग उलट्या, मग दिवसभर पायरीवर लोळून राहायला लागला. आईचं म्हणणं हवा बदललीये, ताक-भाकरी घाल. एका सकाळी बायकोनं त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या तर पिवळसर. तसंच उचलून डॉक्टरांकडं. सलाईन, ब्लड टेस्ट, लिव्हरचे आकडे दणकून वाढलेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खायला काय घालता आणि ते पोतं अजून घरात आहे का? टाकू नका म्हणाले.

घरी येऊन पोतं नीट बघितलं. वरवर काही नाही. तळाशी हात घातल्यावर चार-पाच गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकूळ झालेलं हाताला लागलं, वरनं पांढरट-हिरवट, आणि वास एकदम खवट शेंगदाण्याचा. शेंगाची चटणी करताना आई असले काळपट, सुरकुतलेले दाणे वेचून फेकून देते ना, तेच कारण इथं पण. मका आणि शेंगदाण्यावर जी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते लिव्हरवर जातं आणि भाजून-शिजवून पूर्ण जात नाही. ड्राय फूडमध्ये मका भरपूर असतो.

आता गंमत बघा, आमच्या शेजारच्या काकूंचा रॉकी पण त्याच आठवड्यात आजारी पडला. त्याच दुकानातलं, त्याच कंपनीचं, पण त्या सुट्टं घ्यायच्या. रॉकीनं नक्की कुठल्या पोत्यातलं खाल्लं हे सांगायला त्यांच्याकडं कॅरीबॅग सोडून काहीच नव्हतं. मी पोतं डब्यात ओतत नाही, पोत्यासकट डब्यात ठेवतो, त्यामुळं माझ्याकडं बॅच नंबर होता, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाला कंपनी देते तो नंबर. तो पण मागच्या शिवणीजवळ शाईच्या बारीक ठिपक्यांनी छापलेला, अंगठा घासला तर पुसला जाईल असा. आधी त्याचा फोटो काढला.

दुकानात गेलो तर मालकांचं उत्तर ठरलेलं, "काय ओ साहेब, एवढी पोती विकली, तुमचीच कशी कंप्लेंट?" म्हटलं काकूंची पण आहे. तर म्हणाले, "त्यांनी सुट्टं नेलंय, ते आमचंच कशावरून?" इथंच सगळं आलं. बिल मागितलं तर थोडं आढेवेढे घेतले पण दिलं एकदाचं.

कस्टमर केअरचा नंबर पाकिटावर असतोच, पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा नंबर छापावाच लागतो. फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न, बॅच नंबर सांगा. मग मेलवर पोत्याचे फोटो, बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, ब्लड रिपोर्ट असं सगळं मागितलं. दोन दिवसांनी म्हणाले आम्ही कुरिअरनं पोतं उचलतो. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, सगळं पोतं देऊन मोकळं होऊ नका, पुरावा गेला की विषय संपला. म्हणून वरचं, मधलं, तळाचं असं मिळून अर्धा किलो माल कोरड्या झिपच्या पिशवीत भरून, वर बॅच आणि तारीख लिहून फ्रीझरमध्ये टाकला (आईला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर फ्रीझरच धुवून काढला असता) आणि मगच बाकीचं दिलं.

मध्ये एका सरकारी ऑफिसात पण चक्कर मारली. तिथं कळलं की 2006 चा अन्न सुरक्षा कायदा माणसाच्या खाण्यापुरता आहे, त्यातल्या अन्नाच्या व्याख्येतनं जनावरांचं खाद्य सरळ बाहेर ठेवलंय. बीआयएसचं, म्हणजे मालाचे दर्जे ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, कुत्र्या-मांजरांच्या खाण्यासाठी स्टँडर्ड आहे, आयएस 11968, पण मी बघितलेल्या एकाही पोत्यावर आयएसआयचा शिक्का नव्हता. मग राहतो तो ग्राहक कायदा. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, मेसेजवर नंबर आला आणि खरं सांगतो त्यानंतर कंपनीचा बोलण्याचा सूर बदलला.

ह्या सगळ्यात रात्री जागून अमेरिकेतल्या रिकॉलबद्दल वाचत बसायचो. 2007 साली तिकडं मेनू फूड्स ह्या कुत्र्या-मांजरांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीनं सहा कोटींच्या वर डबे आणि पाऊच परत बोलावले होते. चीनमधनं आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातल्या प्रोटीनमध्ये) मेलामाइन निघालं. मेलामाइन प्लास्टिकच्या धंद्यातला पदार्थ, पण त्यात नायट्रोजन भरपूर आणि प्रोटीनची साधी टेस्ट नायट्रोजनच मोजते, म्हणून कागदावर प्रोटीन जास्त दिसावं यासाठी मिसळलेलं. कुत्र्या-मांजरांच्या किडन्यांत त्याचे खडे झाले. 2019 मध्ये हिल्स ह्या महाग ब्रँडचे डबे परत घेतले गेले, सप्लायरकडनं आलेल्या व्हिटॅमिनच्या मिश्रणात डी व्हिटॅमिन जास्त पडलेलं. म्हणजे महाग ब्रँड म्हणून निवांत राहावं असं पण नाही. आणि 2020 च्या डिसेंबरात स्पोर्टमिक्स नावाचं डॉग फूड, हेच आमचं अफ्लाटॉक्सिन, सत्तरच्या वर कुत्री गेली. तिकडची मर्यादा एक अब्जात 20 भाग आहे, म्हणजे डोळ्याला, नाकाला काहीही कळणार नाही एवढं.

पण तिथं असं झालं की कंपनी आणि एफडीए, म्हणजे तिकडचं अन्न-औषध खातं, बॅच नंबरांची यादीच जाहीर करतात, लोक घरातलं पोतं उलटं करून नंबर जुळवतात. आपल्याकडं 2019 च्या ग्राहक कायद्यात धोकादायक माल परत घ्यायला लावायचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे, पण तुमच्या गल्लीतल्या दुकानात आलेल्या पोत्याबद्दल तुम्हाला घरी येऊन कोण सांगणार? आणि समजा उद्या सांगितलंच, तर सुट्टं नेणाऱ्यानं जुळवायचं काय?

रिपोर्टचं सांगायचं राहिलं. अर्ध्या किलोतला थोडा माल एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला पाठवला, पैसे खिशातले. अफ्लाटॉक्सिन सापडलं पण मर्यादेच्या आत. मी जरा पडलोच. डॉक्टर म्हणाले बुरशी सगळ्या पोत्यात सारखी नसते, एखाद्या कोपऱ्यात भरपूर आणि बाकी स्वच्छ असं असतं, त्यामुळं एका नमुन्यावरनं होय पण म्हणता येत नाही आणि नाही पण. कंपनीनं आपल्या मालात दोष नाही असं लिहून दिलं आणि पोत्याचे पैसे मात्र "सद्भावना म्हणून" परत केले. जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी पण लागत नाही, पण असला रिपोर्ट हातात घेऊन मी गेलो नाही. गुंड्या औषधावर सुधारला, आकडे खाली यायला वेळ लागला. रॉकी पण बरा आहे.

आता खायला काय घालायचं. डॉक्टरांना विचारलं घरचंच करू का, तर म्हणाले करा, पण नुसता चिकन-भात म्हणजे कॅल्शियमची बोंब आणि नुसती दूध-भाकरी म्हणजे प्रोटीनची. ज्वारीला त्यांची ना नाही, आई एकदम खूश. पण भाकरीबरोबर शेंगाची चटणी अजिबात नाही कारण त्यात लसूण, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट. मनुके, द्राक्षं पण नाहीत, आपल्याकडं मनुके घरात पडलेलेच असतात म्हणून मुद्दाम सांगतो. शिजवलेली हाडं पण नाहीत, त्यांचे टोकदार तुकडे होऊन आतडी फाटू शकतात.

शेवटी ड्राय फूडच ठेवलंय, वर थोडी भाकरी किंवा अंडं. पोत्यावर "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" आणि कुठल्या वयासाठी हे लिहिलंय का बघतो. घटकांच्या यादीत पहिलं चिकन दिसलं म्हणून हुरळून जात नाही, यादी कच्च्या वजनानं असते आणि कच्च्या चिकनमध्ये निम्म्यावर पाणीच. ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेल्या फूडच्या फॅशनमध्ये पडलो नाही, 2018 पासून एफडीए वाटाणा-मसूर जास्त असलेल्या असल्या फूडचा हृदयाच्या आजाराशी संबंध तपासत होती, पक्कं काही निघालं नाही, पण दुप्पट पैसे देऊन ती शंका विकत कशाला घ्यायची. दुकान पण बदललं. जिथं पोती पत्र्याला टेकून रचलेली असतात तिथं घेत नाही, आपल्या 43-44 डिग्रीत त्यातलं तेल खवट व्हायला किती वेळ लागतो. पोतं महिनाभरात संपेल एवढंच आणतो, नवीन आलं की आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळून बदलतो. तळाचा चुरा टाकून देतो, आणि पुढचं पोतं अर्धं होईपर्यंत रिकामं पोतं माळ्यावर ठेवतो.

काकूंना एवढं मोठं पोतं परवडत नाही, रॉकी छोटा आहे. मग आम्ही अर्धं-अर्धं घेतो आणि त्यांच्या डब्याला मी चिकटपट्टी लावून त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी मार्करनं लिहून देतो. मागच्या वेळी लिहायचं राहिलं तर काकूंनी डबा तसाच परत पाठवला.