कॅमेरा जड लागतोय

"आज कॅमेरा जड लागतोय," असं सर म्हणाले आणि मी ते ऐकून सोडून दिलं. ऑपरेशन चालू असताना माणसं काय वाट्टेल ते बोलतात. त्याच केसमध्ये सरांना खुर्ची उंच वाटत होती आणि एसी कमी.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहे. रोबो यायच्या आधी अकरा वर्षं दुर्बिणीच्या ऑपरेशनांत कॅमेरा धरला. बाहेरच्यांना हे किरकोळ वाटतं. दोन-तीन तास एका जागी उभं राहून, हात न थरथरवता, सर्जनला जे बघायचंय ते त्याने सांगायच्या आत दाखवायचं. भिंग धुरकटलं की बाहेर काढून थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवायचं, पुसायचं, परत आत. बोलणी खायची कॅमेरेवाल्याने, पेढे सर्जनला. पण नळी बरगडीच्या कडेला घासली किंवा माझं कोपर पेशंटच्या छातीला टेकलं, तर मला कळायचं. कुठे टेकलं, तेही कळायचं. डोळे पडद्यावर असले तरी.

रोबोच्या ऑपरेशनात कॅमेरा आणि अवजारं यंत्राच्या हातांना लावलेली असतात आणि कॅमेरा सर्जनच्या हाती जातो. सर पेशंटपासून दहा फुटांवर, कन्सोलमध्ये, म्हणजे यंत्र चालवायच्या खोक्यात, डोकं खुपसून बसतात. कॅमेऱ्याचं पेडल दाबलं की पोटातली अवजारं जागच्या जागी थांबतात आणि हातातल्या दोन मुठी एकमेकींना बांधल्यासारख्या हलू लागतात, सायकलच्या हँडलसारख्या. गंमत अशी की वरचं पाहायचं तर हात खाली न्यायचे. म्हणजे समोरचं दृश्यच पकडून ओढायचं. जवळून पाहायचं तर छातीकडे ओढायचं. ओढता ओढता पुढे जागा उरली नाही की दुसरं पेडल दाबून मुठी परत मोकळ्या जागेत आणायच्या. सर याला 'हात संपले' म्हणतात. हात संपले की मुठींना अडल्यासारखं, जड लागतं.

आणि बाहेर यंत्राचा हात कशाला तरी टेकला, तरीही जडच लागतं.

पेशंट म्हणजे साठी उलटलेले एक काका. प्रोस्टेटचा कॅन्सर. या ऑपरेशनला टेबल डोक्याकडे चांगलंच उतरतं करतात, पंचवीसेक अंश, म्हणजे आतडी छातीकडे सरकून जागा मोकळी होते. पोट वायूने फुगवलेलं. काका ठेंगणे होते, नाभी ते हनुवटी अंतर कमी. डॉकिंग करतानाच, म्हणजे यंत्राचे हात पेशंटला जोडतानाच, माझ्या मनात आलं होतं की कॅमेऱ्याचा हात चेहऱ्याच्या जास्त जवळ आहे. मनात आलं, तोंडात आलं नाही. तोंडावर फोम होता, वर ड्रेप, म्हणजे निर्जंतुक चादर, होती, मग बोलायचं कशाला?

सरांनी आधी मागचा भाग सोडवला. त्यासाठी दुर्बिणीची तीस अंशांची तिरकी नजर खाली वळवलेली होती. मग मूत्राशय पुढच्या भिंतीपासून सुटं करायला घेतलं. इथे नजर वर फिरवायची असते. सरांनी फिरवली नाही, तसंच कॅमेऱ्याचं टोक वर उचलत राहिले. दुर्बीण नाभीपाशी वल्ह्यासारखी टेकलेली असते. आतलं टोक वर गेलं की बाहेरचं खाली येतं. आणि बाहेरच्या टोकाला यंत्राचा अख्खा हात असतो.

सर म्हणाले, "जड लागतोय." पेडल दाबून मुठी परत आणल्या, पुन्हा ओढलं. हात संपले तर नेमकं हेच करायचं असतं, त्यामुळे त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. मी सक्शनची, म्हणजे रक्त-पाणी ओढून घ्यायची, नळी धरून पडद्याकडे पाहत होतो. सहज मान वळली, तर ड्रेपला एक सुरकुती पडलेली. आधी नसलेली, ताणलेली. यंत्राच्या हाताखालून पंजा घातला तर फोम पापडासारखा चपटा.

"सर, थांबा!" मी ओरडलो, आणि त्याच वेळी व्हेंटिलेटर वाजला. हवेचा दाब वाढला होता, काकांच्या श्वासाची ट्यूब दुमडत होती. डोकं खाली आणि पोट फुगलेलं असताना दाब तसाही चढलेलाच असतो, म्हणून भूल देणाऱ्या मॅडमनी अलार्मची मर्यादा वाढवून ठेवली होती. ठेवावीच लागते, नाहीतर यंत्र चार तास कोकलत बसेल. पण त्यामुळे तो उशिरा वाजला.

मी हातावरचं बटण दाबून कॅमेऱ्याचा हात मोकळा केला आणि वर घेतला. मॅडमनी ट्यूब सरळ केली, छाती तपासली. सगळं मिळून मिनिटभर. सरांनी नजर वर फिरवली आणि तेच दृश्य हात एवढा न झुकवता दिसलं. पुढे ऑपरेशन ठीक झालं.

नंतर चहाला रोबोच्या कंपनीचा माणूस भेटला. त्याचं म्हणणं, नव्या यंत्रांत स्पर्श कळतो. खरं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या दा विंची ५ मध्ये अवजाराच्या टोकावरचा जोर सर्जनच्या हाताला जाणवतो. पण काकांची हनुवटी अवजाराच्या टोकाशी कुठे होती? ती होती बाहेर, ड्रेपखाली, माझ्यापासून हातभर अंतरावर. हे त्याला सांगितलं तर त्याने मान डोलावली आणि दुसरं बिस्कीट घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः काकांना सगळं सांगितलं. खालच्या ओठाखाली लालसर वळ होता. काकांनी तो चाचपला आणि म्हणाले, "एवढंच ना?" सर काही बोलले नाहीत. मी भिंतीवरचा चार्ट वाचत राहिलो.

फोमवर आता आम्ही लोखंडी आडवी पट्टी लावतो. आणि कॅमेरा जड लागला की सर मुठी परत आणायच्या आधी माइकवरून विचारतात, "ब्रदर, तुझ्याकडे काही अडलंय, की माझेच हात संपले?" मी पंजा घालून बघतो. बहुतेक वेळा त्यांचेच संपलेले असतात.