मागच्या सीटवरचा घाट

घाटाच्या सौंदर्यावर ज्यांनी ज्यांनी लिहिलं आहे, ते सगळे खिडकीशी बसलेले असणार. मागच्या सीटवर मधोमध बसून कुणी पसरणीचा घाट चढून बघावा. एका बाजूला धाकटी गाढ झोपलेली, दुसऱ्या बाजूला सहा वर्षांचा थोरला हळूहळू पिवळा पडत चाललेला. खाली वाई, कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, सगळं आपापल्या जागी असतं. आपलं लक्ष मात्र एका चेहऱ्याच्या रंगावर.

पुण्याहून समुद्रच गाठायचा तर ताम्हिणी जवळ. पण नवऱ्याला मुलांना प्रतापगड दाखवायचा होता, म्हणून वाई, पाचगणी, महाबळेश्वरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी आंबेनळीने पोलादपूर आणि मग दापोली असा लांबचा बेत ठरला. सासूबाई पुढच्या सीटवर. त्यांचं माहेर खेडकडचं, त्यामुळे घाट या विषयावर त्यांची मतं ठाम आहेत. पर्समध्ये आवळासुपारी, आलेपाक आणि एक लिंबू. लिंबू खायचं नाही, हुंगायचं.

गाडी लागणं हे खरं तर पोटाचं दुखणंच नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी एक व्यवस्था असते. वळण आलं की ती मेंदूला कळवते, आपण फिरलो. डोळे त्याच वेळी समोरच्या सीटची पाठ बघत असतात. ते कळवतात, कुठे काय, सगळं जागच्या जागी आहे. दोघांचे निरोप जुळत नाहीत आणि राग निघतो पोटावर. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. त्यानंतर सुरू होतो आणि साधारण बारा वर्षांपर्यंत जोरात असतो, म्हणजे नेमका घरच्यांनी हौसेने फिरायला न्यायचा काळ. धाकटी तीन वर्षांची, तिचीही पाळी येईलच. सध्या झोपेने तिला वाचवलंय. आणि जो गाडी चालवतो त्याला लागत नाही. पुढचं वळण डोळ्यांना आधी दिसतं, हात ते घेतात, शरीर तयार असतं. नवरा त्यामुळे घाटभर शीळ घालत असतो. मागच्यांना ती शीळ किती झोंबते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

एक दिवस पार्किंगमध्ये उभ्या गाडीत मी थोरल्याच्या जागी डोकं खाली घालून बसले होते. त्या उंचीवरून काय दिसतं? डोकं टेकायची उशी, सीटमागचा खिसा आणि खिडकीतून आकाशाचा एक तुकडा. आपण "अरे, बाहेर बघ, केवढी दरी!" म्हणतो, तेव्हा मुलाला दरी दिसतच नसते. त्याचा घाट पोटात चालू असतो. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर एवढ्या लहान मुलाला बसवायचं नाही, म्हणून मग बूस्टर सीट आली. ती खरं म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर यावा म्हणून असते. पण तिने खिडकीची कड त्याच्या हनुवटीखाली आणली, हे माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं. सासूबाईंचा "लांब बघ, डोंगराच्या टोकाकडे बघ" हा मंत्र तेव्हा कुठे लागू पडला. मोबाईल मात्र घाटात बंद. त्यावर तह वगैरे काही नाही.

तरी लक्षणं ओळखता यायला हवीत. "अजून किती?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी येतोय तोवर चिंता नाही. प्रश्न थांबले, दोन जांभया आल्या आणि ओठाभोवती पांढुरकं दिसलं की पुढचं वळण बघायचं नाही, रुंद जागा बघायची. घाटात मूल शहाण्यासारखं गप्प बसलं म्हणजे काही खरं नाही.

महाबळेश्वरची उंची तेराशे मीटरच्या पुढे आणि पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीलाच. मधलं अंतर चाळीसेक किलोमीटरचं. एवढं खाली उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढत जातो आणि कानांना दडे बसतात. गिळलं की मोकळे होतात, म्हणून सगळ्यांना आलेपाक वाटला. तिखट म्हणून धाकटीने तो थुंकला, तिला पाणी पाजलं. नवऱ्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली होती. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरायचं, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडायची नाही आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे घाटाचे जुने रिवाज तो पाळतो. शीळ सोडली तर चालक म्हणून माणूस चांगला आहे.

प्रतापगडाचा फाटा आला तशी त्याची गोष्ट सुरू झाली. गड 1656 सालचा. 1659 मध्ये अफझलखान वाईला तळ देऊन बसला, तिथून डोंगर चढून रडतोंडीच्या घाटाने जावळीत, पार गावाशी उतरला आणि 10 नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी भेट झाली. म्हणजे आपण जवळपास खानाच्याच वाटेने आलो, असं त्याने रंगात येऊन सांगितलं. मागून बारीक आवाज आला, "बाबा, खान गाडीत नव्हता ना?"

"नाही रे, गाड्या कुठे होत्या तेव्हा? भेटीला तो पालखीतून आला."

"पालखी लागते का?"

याचं उत्तर कुठल्याही बखरीत नसावं. पण हत्ती, तोफा, उंट घेऊन जावळीच्या रानात उतरताना खानाच्या माणसांचं काय झालं असेल, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. रडतोंडी हे नाव उगाच पडलं नसणार.

गड बघून परत खाली लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर प्रश्न थांबले. थांबलो. व्हायचं ते झालं. तोंड धुतलं, लिंबू हुंगलं. कोवळं ऊन होतं, खाली सावित्रीचं खोरं निळसर दिसत होतं, आणि आमचे चिरंजीव दरीकडे पाठ करून वळणावरच्या फुगीर आरशात बघत उभे. आरशात खालून येणारी एसटी आधी बोटाएवढी दिसली, मग मोठी होत होत एकदम खरीखुरी लाल होऊन समोर आली. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर अख्खं अंग टाकून ती वळवली. थोरल्याने टाळ्या वाजवल्या. त्या प्रवासात त्याने मनापासून पाहिलेलं दृश्य ते. दरी तो मोठेपणी बघेल, घाई काय आहे?

पोलादपूरच्या पुढे कशेडी. तिथे आता जवळपास दोन किलोमीटरचा बोगदा झाला आहे. मुलांनी बोगद्याच्या नियमाप्रमाणे आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आरडाओरडा केला आणि घाट संपला. सासूबाई जरा खट्टू झाल्या. गणपतीला माहेरी येताना याच घाटात, रात्रीच्या एसटीत, त्यांनी काय काय सोसलं होतं आणि नातवंडं ओरडत पार. "सुख आहे बाई," म्हणाल्या, पण सूर तक्रारीचा होता.

भरणे नाक्याला उतरलो तर थोरला वडापाव मागायला लागला. मुलांचं हे एक बरं असतं. तासाभरापूर्वी प्राण कंठाशी आले होते याची पोटाला आठवणही नाही. माझं मात्र अजून स्थिरस्थावर व्हायचं होतं. त्याने अर्धा वडापाव संपवला, विचार केला आणि जाहीर केलं, "येताना मी गाडी चालवणार. जो चालवतो त्याला लागत नाही, आईनेच सांगितलंय."

"आधी माझा नंबर," सासूबाई म्हणाल्या आणि पर्स उघडून उरलेली आवळासुपारी मोजू लागल्या.